फॉस्टर केअरसाठी नाव द्यायचं म्हणतोय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणाला अनुभव आहे का?

वडगावकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. यजमान उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, मी घरीच शिवणाचं काम घेते. मुलगा डिप्लोमा करून पुण्याला नोकरीला लागला. घरात आता आम्ही दोघं आणि सासूबाई.

बरेच दिवस आमच्या दोघांच्या मनात आहे की बालगृहातलं एखादं मूल घरी आणून सांभाळावं. दत्तक घ्यायचं नाही, तो आमचा हट्टच नाही. सरकारची फॉस्टर केअर म्हणून व्यवस्था आहे, मूल आपल्या घरी राहतं, शिकतं आणि त्याच्या आईवडिलांशी असलेलं नातंही तुटत नाही, एवढंच ऐकून आहे. नक्की काय असतं, कुठे जायचं, आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या घराला देतात का, हे कुणी नीट सांगेल का?

सासूबाई म्हणूलालेत, "लळा लागल्यावर परत नेलं तर तू दुखणं काढशील." त्यांचंही खोटं नाही.

आणि मनातली खरी भीती सांगते. इथल्या बालगृहांत सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाककडची पोरं असतात, त्यांचं बोलणं कन्नड. आमच्या घरात सगळं मराठी, माझं कन्नड बाजारापुरतं. आईवडिलांपासून तुटलेल्या लेकराला आम्ही बोलण्यातही परकं करून टाकू का?

निवृत्त_समुपदेशक

ताई, तुम्ही भाषेचा प्रश्न आधीच विचारलात हे फार आवडलं. त्यावर इथली मास्तर मंडळी बोलतीलच. मी व्यवस्थेचं सांगतो. बरीच वर्षं याच क्षेत्रात होतो.

आधार आहे बाल न्याय अधिनियम २०१५, त्यातलं कलम ४४. ज्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, त्याला बाल कल्याण समितीच्या आदेशाने दुसऱ्या कुटुंबात ठेवता येतं. समिती प्रत्येक जिल्ह्याची असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. कागदपत्रं आणि गृहभेटीचं काम जिल्हा बाल संरक्षण घटक करतो. आपल्याकडे पाटी कन्नडमध्ये असते, 'जिल्हा मक्कळ रक्षणा घटक'. महिला आणि बालविकास खात्याच्या अखत्यारीत येतो, तिथे जाऊन चौकशी करा. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांपासून कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरही नोंदणी करता येते. पण मी म्हणेन, प्रत्यक्ष जा. माणसं भेटली की निम्म्या शंका तिथेच संपतात.

मुलं साधारण सहा वर्षांच्या पुढची असतात. ज्यांचे आईवडील आहेत पण सांभाळण्याच्या स्थितीत नाहीत अशी, किंवा वय वाढलं, आजारपण आहे, अपंगत्व आहे म्हणून दत्तक कुणी घेत नाही अशी. तान्ही बाळं यात येत नाहीत. जोडप्याच्या वयांची बेरीज किमान सत्तर लागते आणि संसाराला दोन वर्षं झालेली असावीत. तुम्ही त्यात सहज बसाल.

घर किती मोठं हे कुणी मोजत नाही. मुलाला झोपायला, अभ्यासाला स्वतःची जागा आहे का, उत्पन्न बेताचं असलं तरी स्थिर आहे का, घरातल्या सगळ्यांची तब्येत कशी, पोलिसांकडे काही नोंद आहे का, हे बघतात. शेजारीपाजारी चौकशी होते. आणि घरातल्या प्रत्येकाशी बोलतात, सासूबाईंशीसुद्धा. त्यांच्या मनात जे आहे ते त्यांनी मोकळेपणाने तिथे सांगावं. त्या एका वाक्यामुळे अर्ज फेटाळत नाहीत. लपवलेलं पुढे बाहेर आलं तर मात्र त्याचा त्रास मुलाला होतो.

एकदा मूल घरी आलं की त्याचं शिक्षण, तब्येत आणि खाणंपिणं ही तुमची जबाबदारी. दर महिन्याला पाहणी असते, ती कायद्यातच आहे. आईवडील भेटायला येऊ शकतात, समितीला ते मुलाच्या हिताचं वाटत नसेल तर मात्र नाही. आईवडील सावरले असं समितीला दिसलं की मूल परत जातं.

दत्तकात मूल कायद्याने तुमचं होतं. इथे तसं होत नाही. त्याचं नाव, वडिलांचं नाव, जात हे सगळं त्याचंच राहतं. तुमच्या मिळकतीत त्याला आपोआप वाटा येत नाही आणि त्याच्यावर तुमचाही हक्क येत नाही. हे आधी दोघांनी बसून नीट समजून घ्या.

अनगोळचा_अभि

ताई, विचार चांगला आहे, पण एवढ्या चकरा कशाला? माझ्या ओळखीत एकांनी नर्सिंग होममधूनच बाळ घेतलं. आईला नको होतं, यांना हवं होतं. थोडा खर्च दिला, काम झालं. बाळ सुखात आहे.

निवृत्त_समुपदेशक

अभि, तुम्ही वाईट हेतूने लिहिलं नाही हे कळतंय. पण धागा अनेक जण वाचतील म्हणून स्पष्ट लिहितो. हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम ८० प्रमाणे प्रक्रिया टाळून मूल दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पैशाची देवघेव असेल तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड.

शिक्षेचं राहू द्या, त्या बाईचा विचार करा. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अंगात ताकद नसताना, घरचे डोक्यावर बसलेले असताना तिने 'नको' म्हटलं. कायद्याने बाळ समितीपुढे सोपवलं असतं तर तिला फेरविचाराला दोन महिने मिळाले असते. नर्सिंग होमच्या मागच्या दाराने गेलेल्या बाळाच्या आईला ते दोन महिने कोण देणार? आणि ते बाळ मोठं झाल्यावर "मी कुठला" म्हणून विचारेल तेव्हा दाखवायला एक कागद नसेल.

कुणाला एकटं, बेवारस मूल सापडलं तरी घरी ठेवून घ्यायचं नाही. चोवीस तासांत कळवावं लागतं. १०९८ वर फोन लावा, रात्री-अपरात्रीही चालतो.

अनगोळचा_अभि

दोन महिन्यांचं मला माहीत नव्हतं. धन्यवाद साहेब.

खानापूरची_काकू

वडगावकरीणबाई, मी फॉस्टर आई आहे. खानापूर तालुक्यात राहते, गावाचं नाव लिहीत नाही, मुलाची ओळख उघडी पडू नये म्हणून. तुम्हीही पुढे हे सांभाळा. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटोसुद्धा स्टेटसला टाकू नका.

आमच्याकडे आधी एक मुलगी होती. तिची आई धारवाडला मानसिक आजारावर उपचार घेत होती, बाप कुठे गेला पत्ता नाही. पोर वर्षभरापेक्षा थोडी जास्त राहिली. मग आई बरी झाली, मामाच्या आधाराने उभी राहिली आणि समितीने पोरीला परत पाठवायचं ठरवलं. तुमच्या सासूबाई म्हणतात ते दुखणं मी काढलं. पण तुम्हाला एक सांगते. ती आई महिन्यातून एकदा भेटायला यायची. पहिल्यांदा आली तेव्हा खाली मान घालून बसली, माझ्या हातचा चहासुद्धा घेईना. तिला वाटलं मी तिची पोर हिसकावून घेतलीय. नंतर मी तिला पोरीच्या वह्या दाखवायला लागले, केसांत ऊ झाली होती तर काय केलं ते विचारून घेतलं. हळूहळू ती मला "अक्का" म्हणायला लागली. पोर आपल्या आईकडे जाताना बघून रडू आलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम होतं. आता ती आई सणाला फोन करते.

लळा लावायचा नाही असं ठरवून मूल सांभाळता येत नाही. बालगृहात जेवण, शाळा, कपडे सगळं असतं. नसतं काय, तर आपल्यासाठी कुणी तरी वाट बघत बसलंय ही गोष्ट. तीच द्यायला आपण मूल आणतो. मग ती हात राखून कशी द्यायची?

आता घरी मुलगा आहे, गोकाककडचा. पहिल्या दिवसांत काय काय होईल ते सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. ताट वाढलं तरी हा जेवायला बसायचा नाही, हात जोडून उभा. आम्हाला कळेना. बालगृहात प्रार्थना झाल्याशिवाय जेवत नाहीत, तो प्रार्थना सुरू व्हायची वाट बघायचा. पहाटे कुणी उठवायच्या आत उठून अंथरुणाची घडी घालून त्यावर बसून राहायचा. पाणी प्यायलाही विचारायचा. "काय खाणार, पोहे की उप्पीट?" असं विचारलं की चेहरा कावराबावरा, कारण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लोक म्हणायचे, किती शहाणं पोर! मला त्या शहाणपणाचीच काळजी वाटायची. ज्या दिवशी त्याने "मला दोडका नको" म्हणून ताट सरकवलं, त्या दिवशी आमचे हे म्हणाले, "आता घरचा झाला."

त्यानंतर मात्र वेगळाच काळ आला. खोटं बोलणं, शाळेत मारामारी, दप्तर विहिरीत टाकणं. घरात भरवसा वाटायला लागला की मूल तपासून बघतं, एवढं केलं तरी हे मला ठेवतात का म्हणून. तेव्हा "बालगृहात परत पाठवीन" हे वाक्य तोंडातून कधीही येऊ देऊ नका. रागावा, टीव्ही बंद करा, पण ते वाक्य नको.

हुक्केरीचे_मास्तर

भाषेबद्दल लिहितो. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो, घरी मराठी, गल्लीत कन्नड. सीमाभागात आपण भाषेपायी बरंच सोसलंय, मोर्चे काढलेत, त्यामुळे हा विषय निघाला की आपला आवाज चढतो. पण तो आपला मोठ्यांचा लढा आहे. सात-आठ वर्षांच्या पोराला त्यात शिपाई करायचं नाही.

ते मूल कन्नड शाळेत शिकत असेल तर तिथेच शिकू द्या. आधीच त्याचं घर, गाव, माणसं बदललीत, शाळेतली भाषा तरी तीच राहू द्या. भविष्यात आईवडिलांकडे परत जायचं असेल तर त्याला त्यांच्याशी बोलता आलं पाहिजे. दोन वर्षं मराठीत राहून ते आजीशी बोलायला अडखळू लागलं, तर आपण त्याचं नुकसान केलं असं मी मानतो. मूल ठेवताना त्याची भाषा, रीतभात, धर्म बघून शक्य तितकं जुळणारं घर निवडायचं असं धोरणही आहे, म्हणून समिती तुम्हाला हे विचारणारच.

आणि मराठीची काळजी नको. पोरं अंगणात शिकतात. माझ्या वर्गात उलटं होतं, घरी कन्नड बोलणारी पोरं सहा महिन्यांत मराठीत भांडतात. एखादं मूल मराठी शाळेत घातलंच तरी २०१५ च्या कायद्याने कर्नाटकात सगळ्या शाळांत कन्नड शिकवावंच लागतं. तुम्ही स्वतः थोडं कन्नड शिका ताई. "ऊटा आयता?", म्हणजे जेवण झालं का, एवढ्यानेही सुरुवात होते.

सीमालढ्याचा_पाईक

मास्तर, मान राखून मतभेद. मराठी घरात येणाऱ्या मुलाने मराठी शिकायला नको का? आमच्या शाळा पटाअभावी बंद पडायला आल्यात. एक मूल मराठी शाळेत आलं तर काय बिघडलं?

हुक्केरीचे_मास्तर

शाळा टिकाव्यात म्हणून मी घरोघर फिरतो, तुम्हाला ठाऊक आहे. पण पट वाढवायला अनाथालयातलं मूल आणणं मला पटत नाही. त्याला कुणी विचारणारं नाही म्हणून त्याच्यावर आपण काहीही ठरवून मोकळं व्हायचं, हे नको. मूल मोठं होऊन स्वतः म्हणालं, मला मराठी शाळेत जायचंय, तर मी स्वतः त्याला वर्गात घेऊन बसेन.

सीमालढ्याचा_पाईक

मूल स्वतः म्हणालं तर, हे मान्य.

खानापूरची_काकू

मास्तरांचं अगदी बरोबर. आमचा मुलगा झोपेत कन्नडच बोलतो. भीती वाटली की कन्नडमध्येच रडतो. आम्ही त्यासाठी शेजारच्या कन्नड अज्जींना रोज संध्याकाळी बोलावतो. ती त्याला गोष्टी सांगते. तेवढा वेळ त्याचा चेहराच वेगळा असतो.

चंदगडचा_पावणा

मी हद्दीपलीकडे, चंदगड तालुक्यात. बायको बेळगावची. आम्हाला बेळगावचं मूल सांभाळायला मिळेल का? आणि व्हॉट्सॅपवर बालसंगोपन योजनेचा फॉर्म फिरतोय, महिना २,२५० रुपये, तो बेळगावात चालतो का? मेव्हणी विचारते आहे. तिचा नवरा वारला, दोन मुलं आहेत.

निवृत्त_समुपदेशक

पावणं, तुम्ही कोल्हापूरच्या जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे नाव द्या. मूल शक्यतो त्याच्याच भागात ठेवायचं असतं, म्हणजे आईवडिलांना भेटता येतं आणि महिन्याची पाहणी होते.

बालसंगोपन योजना महाराष्ट्र शासनाची. तो फॉर्म बेळगावात चालत नाही, मेव्हणीने त्यापायी झेरॉक्सवर पैसे घालू नयेत. तिच्यासाठी इकडे केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व आहे, म्हणजे स्पॉन्सरशिप. विधवा आई, गंभीर आजारी पालक, नातेवाइकांकडे राहणारं अनाथ मूल अशांसाठी. मुलामागे महिना ४,००० रुपये. वार्षिक उत्पन्नाची अट आहे, गावात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० पर्यंत. अर्ज त्याच मक्कळ रक्षणा घटकात.

धाग्याचा विषय थोडा सुटतो, तरी सांगतो. चार पैशांच्या आधाराने मूल आपल्या आईपाशी राहू शकत असेल, तर पहिली धडपड त्याचीच हवी. गरिबी हे मूल आईपासून वेगळं करायचं कारण होऊ नये. फॉस्टर घराचा विचार त्यानंतर.

टिळकवाडीची_स्नेहा

मी चाळिशीची, अविवाहित, बँकेत आहे. आईबरोबर राहते. माझ्यासारखीला मूल देतात का? इतके दिवस फक्त जोडप्यांना मिळतं असं ऐकत होते.

निवृत्त_समुपदेशक

आधी तसंच होतं. २०१६ च्या सूचनांमध्ये जोडपंच धरलं होतं. २०२४ पासून अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित, कायद्याने वेगळे राहणारे, अशा पस्तिशीपुढच्या एकट्या व्यक्तीलाही नाव देता येतं. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, दोन्ही. एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. बँकेची नोकरी आहे, तर तुम्ही कामावर असताना मुलाजवळ कोण, हे विचारतील. आईची तयारी आहे का ते आधी बघा.

अजून एक बदल झालाय. मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं असेल, तर त्याच घराला दोन वर्षांनंतर ते दत्तक घेता येतं. पूर्वी पाच वर्षं लागत. पण दत्तकाचा सोपा रस्ता म्हणून यात उतरू नका. बहुतेक मुलांचे कुणी ना कुणी असतात.

येळ्ळूरचा_शेतकरी

एक कडू विचारतो, राग मानू नका. ४,००० रुपये फॉस्टर घरालाही मिळतात ना? गावात लोक म्हणतात, पैशासाठी पोर आणलं, रानात राबवायला आणलं. तसं होत नसेल कशावरून?

खानापूरची_काकू

राग कशाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. होऊ शकतं, म्हणून तर महिन्याची पाहणी. अधिकारीबाई आल्या की मुलाशी आमच्यामागे, वेगळं बोलतात. त्याची वही, वजन, शाळेची हजेरी बघतात. पहिल्या वेळी मला अपमान वाटला होता. आता त्या आल्या नाहीत तर मीच फोन करते. आपल्या घराकडे बाहेरून कुणी तरी बघतंय हे त्या पोराला कळायला हवं, आमच्यावर रागावलं तरी जाऊन सांगायला जागा हवी.

पैशाचं म्हणाल तर ते मुलासाठी आहेत. त्याचे बूट, औषध, सायकल यांतच जातात. कधी उशिराही येतात, म्हणून त्यांच्यावर घर चालवायचा हिशेब धरू नका. जेवणाचा खर्च आपला म्हणून चालायचं. रानातलं काम आमचा मुलगाही करतो, शाळा सुटल्यावर म्हशीला पाणी दाखवतो, जेवढं माझा थोरला त्या वयात करायचा तेवढंच. त्यापेक्षा एक घागर जास्त नाही.

निपाणीचा_किरण

बराच वेळ वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी असाच वाढलेला आहे, फक्त कागद नव्हता. आई निपाणीत विड्या वळायची, छातीच्या रोगाने गेली. वडील त्याआधीच. शेजारच्या काकूंनी ठेवून घेतलं. समिती, घटक, काही कुणाला माहीत नव्हतं. काकूंनी स्वतःच्या पोरांइतकंच केलं, कधी कमी नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते लिहिता येणार नाही.

पण कागद नसल्याने काय झालं ते सांगतो. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या फॉर्मला पालकाची सही कुणाची, यावरून शाळेत अडलं. जातीच्या दाखल्याला वडिलांकडचे कागद हवे, ते चुलत्यांकडे, आणि चुलते दारात उभं करेनात. बँक खातं, शिष्यवृत्ती, प्रत्येक ठिकाणी "हा तुमचा कोण?" काकू दर वेळी वेगळं काही तरी सांगायच्या, आणि मी बाजूला उभा राहून ऐकायचो. समितीचा आदेश असता तर त्या बाईला कुणापुढे खोटं बोलावं लागलं नसतं. म्हणून जे कागदांना कंटाळतात त्यांना हात जोडून सांगतो, कागद करा.

दुसरं. आमच्या घरी पाहुणे आले की कुणी तरी हळूच विचारायचं, "हाच का तो?" आणि काकांचे भाऊ मोठ्यानं सांगायचे, "होय, किती केलंय याच्यासाठी, जाण ठेवली म्हणजे झालं." वाईट माणूस नव्हे तो. पण ते 'जाण ठेव' ऐकून ऐकून मी कधी दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही. सहलीचे पैसे मागितले नाहीत. आजारी पडलो तर सांगायचो नाही. घरचा मुलगा आईशी भांडून दार आपटून जायचा आणि रात्री जेवायला परत यायचा. मला दार आपटायची हिंमत कधी झाली नाही.

वैनी, तुम्ही मूल आणा. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधी सांगून ठेवा की त्याच्यासमोर उपकाराची भाषा नको. त्याला आभार मानायला लावू नका. आणि त्याच्या आईचा एखादा फोटो असेल तर तो कपाटात नको, त्याच्या हाताशी ठेवा. माझ्याकडे एकही नाही.

हुक्केरीचे_मास्तर

किरण, वाचून थांबलो. माझ्या वर्गात अशी दोघं आहेत. उद्यापासून त्यांच्या सहलीच्या पैशांची चौकशी मीच परस्पर करेन, त्यांना मागायला लावणार नाही.

येळ्ळूरचा_शेतकरी

किरणभाऊ, माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या लिहिण्यात मिळालं. आमच्या गल्लीतही एक आजी नातवाला सांभाळते, मुलगा-सून अपघातात गेले. तिला कुठलाच कागद नाही. ती फॉस्टर केअरमध्ये बसते का?

निवृत्त_समुपदेशक

आजीसाठी वर लिहिलेलं प्रायोजकत्वच बघा, रक्ताच्या नात्यात सांभाळ होत असेल तर तोच मार्ग सोयीचा. दोघांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड आणि आजीचं आधार घेऊन तिला तुम्ही स्वतः घेऊन जा. एकट्या आजीला तिथलं कन्नड, टेबलं, सह्या झेपत नाहीत.

किरण, तुम्ही लिहिलंत ते आम्ही प्रशिक्षणात तासभर बोलून सांगू शकत नाही. परवानगी दिलीत तर नाव न घेता नव्या पालकांना वाचून दाखवायला इथल्या घटकातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना देईन.

निपाणीचा_किरण

द्या साहेब.

वडगावकरीण

सगळ्यांना मनापासून नमस्कार. काल रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना किरणभाऊंचं लिहिणं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याच्या आईला भेटायला येऊ दे म्हणावं, मी चहा करीन." आणि मग, "परत गेलं तर आपण दोघी रडू."

यजमानांनी सोमवारची सुट्टी टाकलीय. आधार, उत्पन्नाचा दाखला, लग्नाचा दाखला, फोटो काढून ठेवलेत. पुण्याला मुलाशी बोललो, त्याला आधी थोडं वाईट वाटलं. माझी खोली देणार का, म्हणाला. खोटं कशाला सांगू, "होय, देणार" म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून सांगितलं की माळ्यावरची कॅरमची पाटी खाली काढा.

खानापूरच्या काकूंना एक विचारायचं होतं. वय किती सांगावं? मला सात-आठ वर्षांचं मनात होतं.

खानापूरची_काकू

तुम्हाला झेपेल ते सांगा, त्यात लाजायचं काही नाही. पण जागा असेल तर मनात एवढं असू द्या की लहान सगळ्यांनाच हवी असतात. अकरा-बारा वर्षांच्या पोरांना फार कमी जण विचारतात. आणि सख्खी भावंडं असली की घरं अजून मागे सरतात, म्हणून कायद्यात भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा असं लिहूनसुद्धा कित्येकदा एक इकडे, एक तिकडे होतं. घटकातल्या बाईंना विचारा, अशी कुणी आहेत का. लगेच हो म्हणू नका. आधी भेटा, दोन-चार वेळा जा, मुलांनाही तुम्ही आवडायला हवेत. त्यांना नको वाटलं तर त्यांचं ऐकायचं.

सोमवारी काम आटोपलं की मला निरोप टाका. माझा नंबर इथे लिहीत नाही, संदेशातून देते.

वडगावकरीण

दोन भावंडांचं आम्ही धरलंच नव्हतं. आज यजमान पाळी संपवून आले की बोलते. शिलाईचं मशीन बाहेरच्या खोलीत घेतलं तर दोन गाद्या बसतात, आत्ताच मोजून बघितलं.